पानगळ जाळू नये

माघ-फाल्गुनात वसतिगृहाच्या आवारात सागाच्या पानांचा खच पडतो. मुले ढीग करतात आणि सायंकाळी त्याला काडी लावली जाते. आम्ही हे वर्षानुवर्षे पाहिले, काही वर्षे करविलेही. आता ते बंद व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमचा विषय इतिहास. तरी विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले ते मांडतो. ताटातल्या भाताचा स्टार्च आणि वाळक्या पानातले सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच लांब साखळ्या, फरक जोडणीचा. पानातली साखळी तोडणारे विकर माणसाजवळ नाही, काही बुरशींजवळ व जीवाणूंजवळ आहे. जीवाणूला अख्खी साखळी आत घेता येत नाही. म्हणून तो पानाला चिकटतो, विकर बाहेर सोडतो आणि सुटी झालेली शर्करा मग शोषतो. एकटा असेल तर तिच्यातली बरीचशी वाहून जाते. दाट वस्तीत ती शेजाऱ्याच्या कामी येते. स्वतः विकर न बनवता त्यावर जगणारे फुकटेही असतात! समुद्रात मृत शैवालाच्या कणांवर हाच व्यवहार चालतो. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबूतले लिग्निन काढायला उष्णता आणि रसायने लागतात. जंगलात पावसाच्या ओलीवर बुरशी ते काम सावकाश करते.

पाने जाळली की नत्राचा मोठा भाग धुरावाटे जातो, मातीला मुठीएवढी राख मिळते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि ती आग कित्येकदा रानात शिरते. वेचणाऱ्याची अडचण खरी आहे, पाचोळ्यात फूल दिसत नाही. झाडाखाली जाळी अंथरणे हा त्यावर उपाय आहे. शाळेला मात्र तेवढीही सबब नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पानांसाठी खड्डा खणविला, तेव्हा एका पालकाने विचारले, "सर, आमच्या बापजाद्यायनं गावाची घाण उचलली. पोरगं शिकाले पाठवलं, अन् तुम्ही त्याच्या हाती कुजकाच कचरा देता?"

त्या दिवशी आम्ही निरुत्तर झालो. मेलेली गुरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी का सांगितले, हे वर्गात शिकविणाऱ्याला या प्रश्नाचे वजन कळायला हवे होते. खड्डा बुजला, काडी पुन्हा आली. आज वाटते, चूक खड्ड्याची नव्हती. फावडे फक्त मुलांच्या हाती होते आणि आम्ही व्हरांड्यात उभे होतो.

म्हणून यंदा खड्डा पुन्हा खणावा, पण कामाची पाळी मुख्याध्यापकांपासून लागावी. शिक्षा म्हणून कोणाही मुलाला तेथे पाठवू नये. पावसाळ्यानंतर विज्ञानाचा तास खड्ड्याच्या काठावर घ्यावा, पालकांनाही बोलवावे. पहिल्या आठवड्याच्या यादीत आम्ही आमचे नाव लिहून दिले आहे.