पाच फुटांच्या आतला राजेशाही थाट

हलक्या बिझनेस जेटचं माहितीपत्रक हाती आलं की आधी तळटीप वाचावी. वर ठळक अक्षरांत काय असतं? एम्ब्राएरच्या फिनॉम 300ई चा कमाल वेग ताशी साधारण 860 किलोमीटर, पल्ला 3,700 किलोमीटर, आसनं दहापर्यंत. तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्ही एका उड्डाणात कधीच भेटत नाहीत. पल्ला मोजलाय तो पाच माणसांवर, तोही बेताच्या वेगाने. दहा जण बसवलेत? मग इंधन कमी भरा. टाक्या काठोकाठ भरल्यात? मग सासरेबुवांना खाली उतरवा. हे वजनाचं गणित आहे, विमान बनवणारा ते लपवत नाही. माझा राग आहे तो हे तीन आकडे एका दमात घडाघडा म्हणणाऱ्या दलालावर, आणि ते ऐकून माना डोलावणाऱ्या शेठजींवर.

आता 'राजेशाही केबिन'. फिनॉमच्या केबिनची उंची दीड मीटर. पाच फुटांना इंचभर कमीच. होंडाजेट आणि सेसनाचं सायटेशन सीजे3+ त्याहून बुटकी. म्हणजे कोट्यवधी रुपये मोजून घेतलेल्या वैभवात मालकाने कंबरेत वाकून प्रवेश करायचा आणि वाकूनच बाहेर पडायचं. आसनांची मोजदाद तर ऐकाच. अनेक हलक्या जेटांत मागच्या शौचकूपाच्या झाकणाला पट्टा लावून तीही जागा प्रवासी-आसन म्हणून प्रमाणित करून घेता येते. दलालाने सांगितलेल्या एकूण संख्येत ती अलगद मिसळलेली असते. संडासावर पट्टा बांधून बसणारा पाहुणा कोण, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. विचारतात काय, तर अक्रोडाच्या लाकडाचा मुलामा कुठल्या छटेचा आणि कातड्याची शिलाई कुठल्या दोऱ्याची!

खरं सुख वेगळ्याच आकड्यात आहे. 45,000 फुटांवर उडताना फिनॉमच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण 6,600 फूट उंचीवर असतो तितका राहतो. आपल्या कळसूबाईचा माथा 1,646 मीटरचा, म्हणजे सुमारे 5,400 फूट. केबिनमधला माणूस त्याच्याही वर बसलेला असतो. सीजे3+ मध्ये हाच आकडा 8,000 फुटांच्या घरात जातो. तीन तासांनी डोकं ठणकणार की नाही, माणूस उतरून बैठकीला बसू शकणार की सोफा शोधणार, यात या फरकाचा मोठा वाटा आहे. तो फरक शिलाईच्या दोऱ्याने भरून निघत नाही. पण केबिनचा दाब दिवाणखान्यात मिरवता येत नाही ना!

मी सुरतेजवळच्या कामरेजला राहतो, म्हणून मला या खरेदीविक्रीची चीड जास्त येते. इथे शेठजींना जेट विकलं जातं ते 'सकाळी मुंबई, दुपारी परत' या मंत्रावर. सुरत ते मुंबई हवाई अंतर सव्वादोनशे किलोमीटर. 10,000 फुटांखाली 250 नॉट्सची मर्यादा, म्हणजे ताशी जेमतेम 463 किलोमीटर. विमान वर चढून जरा स्थिरावतंय तोच उतरायला लागतं. 45,000 फूट उंची आणि 860 चा वेग या मार्गावर निव्वळ शोभेचे. त्यात कामरेजहून सुरतेचा मगदल्लाचा विमानतळ गाठायला अख्खं शहर ओलांडून तीसेक किलोमीटर जायचं. शिवाय फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई विमानतळावरची गर्दी आवरायला खासगी विमानांची बंदी दिवसाला चार तासांवरून आठ तासांवर नेली गेली: सकाळी 8 ते 11, संध्याकाळी 5 ते 8, रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा. धंदेवाईक माणसाला ज्या वेळी पोचायचं असतं, नेमक्या त्याच वेळी दार बंद! वंदे भारत सुरतेहून तीन तासांच्या आत मुंबई सेंट्रलला नेते आणि तिच्यात ताठ उभं राहता येतं. बुलेट ट्रेनचं सुरत स्थानकही कामरेजपासून जवळ, अंत्रोलीलाच होतंय.

मग अँटवर्प? हिऱ्यांच्या त्या बाजारापर्यंतचं अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या वर. हलक्या जेटला मध्ये उतरावंच लागणार. दुबई सुमारे 1,850 किलोमीटर. तिथे चार-पाच जणांसाठी हे यंत्र खरोखर कामाचं आहे. ज्याची तिथे दर आठवड्याला खेप आहे त्याने जरूर घ्यावं.

पण कामरेज चार रस्त्यावर रात्री उभे राहा. सौराष्ट्राच्या बसगाड्यांची रांग बघा. अमरेलीचा रस्ता खंभातच्या आखाताला वळसा घालून चारशे किलोमीटरच्या वर जातो. हवेतून अंतर पावणेदोनशेच्या आसपास. विमानाने वेळ वाचतो तो इथे! हे सुरतेच्याच हिरेवाल्यांनी ओळखलं. सवजी धोळकिया, गोविंद धोळकिया आणि लवजी बादशाह यांनी व्हेंचुरा एअरकनेक्ट काढली, आणि 2022 च्या सुरुवातीला तिची नऊ आसनी सेसना ग्रँड कॅराव्हॅन अमरेली, भावनगर, राजकोटकडे उडू लागली. एकच टर्बोप्रॉप इंजिन, वेग ताशी 340 च्या आसपास. केबिन जेटपेक्षाही बुटकी, दाबरहित. पावसाळी ढगांत चांगली हादरते. तरीही कारागीर, त्याची म्हातारी आई आणि मालक तिकीट काढून एकाच विमानात बसू शकतात, आणि रात्रभराचा रस्ता पाऊण तासात संपतो. माझ्या लेखी कामगिरी म्हणायची ती हिला.

दलाल पुन्हा कामरेजला आला की त्याला चहा पाजा आणि एकच हिशेब कागदावर मांडायला सांगा: मे महिन्यात, दुपारी दोनला, चाळीस अंशांत, अमरेलीच्या धावपट्टीवरून नऊ माणसं सामानासकट घेऊन तुझं जेट किती इंधनासह उठतं? संडासावरचं आसन न मोजता.