लाखाचा कॉम्पॅक्ट, दुरुस्तीला मात्र वाली नाही

क्योसेरा कंपनीने काँटॅक्स टी2 हा फिल्म कॅमेरा काढला तेव्हा त्याची बॉडी टायटॅनियमची होती, व्ह्यूफाइंडरवर सफायरची काच होती आणि फिल्म सपाट धरून ठेवणारी मागची प्लेट सिरॅमिकची होती. पस्तीस वर्षांनंतरही त्यातले कित्येक कॅमेरे बाहेरून नव्यासारखे दिसतात. आतली गोष्ट वेगळी आहे. लेन्स पुढे-मागे नेणारी मोटर थकलेली असते, घड्या घालून बसवलेली फ्लेक्स केबल तडकलेली असते आणि 2005 साली क्योसेराने कॅमेऱ्यांच्या धंद्यातून अंग काढून घेतल्यापासून सुट्या भागांचा स्रोतच आटत गेला आहे. आज एखादा टी2 जिवंत करायचा तर बहुतेक वेळा दुसरा मेलेला टी2 फोडावा लागतो. तरीही जुन्या बाजारात तो चढ्या भावाने विकला जातो. घेणारा हातात टायटॅनियमचा थंडगार स्पर्श घेतो आणि खात्री पटल्यासारखे पैसे मोजतो.

महागड्या कॉम्पॅक्टबद्दलचा सगळा गैरसमज या स्पर्शात आहे. धातूची बॉडी, घट्ट फिरणाऱ्या डायल, वजनातला भरीवपणा म्हणजे मजबुती, असे ग्राहक धरून चालतो. प्रत्यक्षात किंमत मोजली जाते ती लेन्स, सेन्सर आणि आटोपशीर आकारासाठी. कॅमेरा किती वर्षे चालेल आणि बिघडला तर कोण, किती दिवसांत, किती रुपयांत दुरुस्त करील, याचे उत्तर त्या किमतीत नसते. हौशी माणसाला ते चालून जाईल. पण लग्नाच्या कामात दुसरी बॉडी म्हणून, वृत्तछायाचित्रणात नजरेत न भरणारा कॅमेरा म्हणून किंवा रस्त्यावरच्या दीर्घ प्रकल्पासाठी जे व्यावसायिक हे कॅमेरे वापरतात, त्यांच्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

अदलाबदलीच्या लेन्सच्या कॅमेऱ्यात बिघाडाची वाटणी होते. लेन्स बिघडली तर लेन्स दुरुस्तीला जाते आणि बॉडी कामावर राहते. सेन्सरवर धूळ बसली तर माउंट उघडून ब्लोअर मारता येतो. कॉम्पॅक्टमध्ये लेन्स, शटर, ॲपर्चर आणि सेन्सर एकाच जुडग्यात बांधलेले असतात आणि त्यांची एकमेकांशी जुळणी कारखान्यात होते. म्हणून एक पाते अडकले तरी अनेकदा अख्खे लेन्स युनिट बदलावे लागते आणि बिल पात्याचे नव्हे तर युनिटचे येते.

फुजीफिल्मच्या पहिल्या एक्स100 चे उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. 2011 साली अमेरिकेत सुमारे 1,200 डॉलरला आलेल्या या कॅमेऱ्याने कॉम्पॅक्टचा प्रतिष्ठित वर्ग नव्याने उभा केला. त्यातल्या काही नगांमध्ये ॲपर्चरची पाती चिकटू लागली. छायाचित्रकार एफ8 लावी, स्क्रीनवर एफ8 दिसे, मीटर त्याप्रमाणे वेग देई आणि पाती मात्र उघडीच राहत. भर उन्हातला फोटो पांढराफटक पडे. कधी दहा फोटो नीट येत आणि अकरावा जाई, त्यामुळे दोष आपल्या सेटिंगचा की यंत्राचा, हे कळायलाच वेळ लागे. इलाज बहुधा एकच, लेन्स युनिट बदलणे. वॉरंटीत असलेल्यांचे निभावले. वॉरंटी संपलेल्यांपुढे दुरुस्तीचे बिल की नवा कॅमेरा, हा हिशेब उभा राहिला.

रिकोच्या जीआर मालिकेचा आजार याहून साधा आणि म्हणून अधिक चीड आणणारा आहे. 1996 च्या जीआर1 या फिल्म कॅमेऱ्यापासून दाइदो मोरियामांसारख्या छायाचित्रकाराने ही मालिका रस्त्यावर वापरली. 2013 पासून तिच्यात मोठा एपीएस-सी सेन्सर आहे. 2019 चा जीआर3 बॅटरी-कार्डासह 257 ग्रॅमचा, शर्टाच्या खिशात मावणारा. चालू केला की लेन्सची नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते आणि प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढली जाते. हवेबरोबर धूळ आणि खिशातला कापसाचा तंतूही जातो. सीलिंग नाही. सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय जीआर3 मध्ये आहे, पण चिकटलेला कण तिने निघतोच असे नाही, आणि माउंट नसल्यामुळे हात घालायलाही वाट नाही.

आपल्याकडे हा दोष लवकर उघडा पडतो. मार्च ते मे या काळात सोलापूर-नगरच्या बाजूला गाडीच्या डॅशबोर्डवर तासाभरात धुळीचा थर बसतो. अशा हवेत दिवसभर चालू-बंद केलेल्या कॅमेऱ्याने जूनमध्ये पहिल्या पावसाचे राखाडी आभाळ एफ11 वर टिपले की वरच्या कोपऱ्यात फिकट करडे गोल ठिपके दिसतात. एफ2.8 ला ते दिसत नाहीत. छिद्र जितके लहान तितके ठिपके ठळक. पांढरा कागद मुद्दाम फोकसबाहेर ठेवून एफ16 ला एक फोटो काढला तर कॅमेऱ्याची खरी अवस्था कळते. जुना जीआर विकत घेताना दुकानातच ही चाचणी करायला हवी. एक-दोन ठिपके संगणकावर पुसता येतात, पण लग्नाच्या शेकडो फोटोंतल्या प्रत्येक आभाळावर तेच काम करणे हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे. काही जण कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढून काढतात. एवढ्या किमतीच्या यंत्राच्या मालकावर ही पाळी यावी, हे निर्मात्याने मनाला लावून घ्यायला हवे.

कोकण आणि मुंबईत धुळीपेक्षा दमटपणा वाईट. पावसाळ्यात ड्राय कॅबिनेट नसेल तर लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचे जाळे धरते. सुटी लेन्स अनुभवी दुरुस्तीवाला उघडून पुसतो. कॉम्पॅक्टची लेन्स उघडायची म्हणजे सेन्सरशी असलेली जुळणी हलवायची, आणि ती जोखीम घ्यायला तो सहसा तयार होत नाही.

मग सीलिंग का देत नाहीत? फुजीफिल्मने 2020 च्या एक्स100व्ही पासून हवामानाला तोंड देणारी बॉडी दिली, पण पुढची बाजू बंद करायला ॲडॉप्टर रिंग आणि फिल्टर वेगळे विकत घ्यावे लागतात. 2024 च्या एक्स100व्हीआय मध्येही तेच. भारतात दीड लाखाच्या वर किंमत असलेल्या कॅमेऱ्याच्या खोक्यात ती रिंग नसावी, याचे कोणतेही समर्थन पटणारे नाही. लायकाने 2019 च्या क्यू2 ला धूळ आणि थेंबांपासून संरक्षणाचे आयपी52 मानांकन दिले. क्यू मालिकेची लेन्स आत-बाहेर जात नाही, त्यामुळे ते साधले. पण तो कॅमेरा खिशात मावत नाही आणि किंमत अमेरिकेतच पाच हजार डॉलरच्या घरात होती. मिटणारी लेन्स आणि संपूर्ण सीलिंग एकत्र आणणे अवघड आहे, हे मान्य. पण जिथे धूळ शिरणारच आहे तिथे ती काढण्याची वाजवी दरातली, जवळची सोय असली पाहिजे, आणि खरी तक्रार तिथेच आहे.

सर्व्हिस सेंटरचा अनुभव या क्षेत्रात कोणालाही विचारावा. काउंटरवर जॉब शीट बनते, त्यावर ‘लेन्स एरर’ एवढेच लिहिले जाते. काही दिवसांनी एस्टिमेट येते. त्यात नेमका कोणता भाग निकामी झाला, का झाला, याचा उल्लेख क्वचितच असतो. बॉडीवर कुठे पोचा दिसला तर ‘फिजिकल डॅमेज’, आत गंज दिसला तर ‘लिक्विड डॅमेज’, आणि वॉरंटी बाद. कोकणातल्या हवेने आलेला गंज आणि पाण्यात पडल्याने आलेला गंज यांत फरक करण्याची तसदी घेतली जात नाही. एस्टिमेट नाकारले तरी तपासणीचे पैसे द्यावे लागू शकतात. भाग परदेशातून यायचा असेल तर तारीख मिळत नाही, आणि या काळात हंगाम निघून जातो.

यामागे बाजाराचे गणितही आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या सिपा या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे 2010 साली जगभर सुमारे 10 कोटी 80 लाख कॉम्पॅक्ट कॅमेरे गेले, तर 2023 मध्ये सुमारे 17 लाख. स्मार्टफोनने स्वस्त कॉम्पॅक्ट संपवला आणि उरला तो महाग. कमी नग म्हणजे सुट्या भागांचा कमी साठा आणि कमी प्रशिक्षित हात. पण ज्या वर्गाने चढी किंमत मोजून हा बाजार तगवला, त्यालाच सेवा आटल्याची शिक्षा का?

भाग मिळाले तर कुशल हात आपल्याकडे आहेत. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानांच्या आसपास असे कारागीर बसत आले आहेत, जे चिमट्याने फ्लेक्स उचलून भिंगाखाली डाग देतात. त्यांना अडवते ते कंपन्यांचे धोरण. निकॉनने अमेरिकेत 2012 मध्ये स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना भाग विकणे थांबवले आणि 2020 मध्ये अधिकृत दुकानांची व्यवस्थाही गुंडाळली. ज्या देशात ग्राहक इतका संघटित आहे तिथे ही गत, तर इथल्या कारागिराने जुने कॅमेरे फोडूनच भाग मिळवायचे.

कंपन्यांना चांगले वागता येत नाही, असे नाही. सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये 2005 मध्ये दोष निघाला. उष्ण-दमट हवेत तो बळावे आणि चित्र वेडेवाकडे किंवा काळे येई. ते सेन्सर वापरणाऱ्या कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, ऑलिंपस अशा कंपन्यांनी दोष जाहीर केला आणि वॉरंटी संपलेले कॅमेरेही फुकट दुरुस्त करून दिले. लायका एम9 च्या सेन्सरवरची काच गंजू लागली तेव्हा 2014 मध्ये कंपनीने वयाची अट न घालता सेन्सर बदलून देण्याचे जाहीर केले. 2017 मध्ये मात्र तिने ती सवलत आखडती घेतली. दोष उघडपणे मान्य झाला की मालकाला स्वतःचा बिघाड सिद्ध करत बसावे लागत नाही. एक्स100 च्या पात्यांना किंवा जीआरच्या धुळीला अशी जाहीर, मुदतीच्या पलीकडची सवलत मिळायला हवी होती.

तोवर कायद्याचा आधार घ्यावा, आणि तो नीट समजून घ्यावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 1915. पण व्यावसायिकांनी एक कलम विसरू नये. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही. अपवाद आहे तो स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याचा. एकट्याने काम करणाऱ्या छायाचित्रकाराला तो लागू होऊ शकतो. पगारी माणसे ठेवणाऱ्या स्टुडिओच्या नावाने बिल असेल तर समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेईल. परदेशातून किंवा ग्रे मार्केटमधून आणलेल्या कॅमेऱ्याची अडचण आणखी मोठी, कारण बहुतेक कंपन्यांची कॉम्पॅक्टची वॉरंटी खरेदीच्या देशापुरती असते. तो दुरुस्तीला बाहेर पाठवायचाच झाला तर निर्यातीची नोंद करूनच पाठवावा, नाहीतर परत येताना पूर्ण सीमाशुल्काचा तगादा लागू शकतो.

केंद्र सरकारने 2022 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. दुरुस्ती-सुलभता निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल 2025 मध्ये आला आणि त्यात सुरुवात स्मार्टफोन-टॅबलेटपासून सुचवली आहे. फ्रान्समध्ये असा निर्देशांक 2021 पासून आहे, तिथेही पहिल्या यादीत कॅमेरा नव्हता. छायाचित्रकारांच्या संघटनांनी आता कॅमेऱ्याचे नाव या यादीत घालण्याची लेखी मागणी ग्राहक व्यवहार खात्याकडे करावी. मागणीत तीन गोष्टी असाव्यात. लेन्स युनिट आणि सेन्सर-सफाईचे दर कंपनीने जाहीर करावेत, मॉडेल बंद झाल्यावर भाग किती वर्षे मिळतील ते खोक्यावर छापावे, आणि एस्टिमेटवर बिघडलेल्या भागाचे नाव व फोटो द्यावा.

हे मासिकही आपल्या परीने वाटा उचलेल. पुढील अंकापासून प्रत्येक कॉम्पॅक्टच्या परीक्षणात चित्राच्या दर्जाबरोबर सीलिंगची स्थिती, महाराष्ट्रातली सर्व्हिस सेंटरे, लेन्स युनिटचा दर आणि वॉरंटीच्या अटी छापल्या जातील. कंपनीने माहिती दिली नाही तर त्या जागी ‘विचारले, उत्तर आले नाही’ असे लिहिले जाईल. वाचकांनी आपली जॉब शीट आणि एस्टिमेट, नाव-पत्ता झाकून, संपादकीय कार्यालयाकडे पाठवावीत.