डेक क्लासची रात्र

लग्न जमवताना लोक पत्रिका बघतात, पगार बघतात, 'पॅकेज' बघतात. माझं ऐकाल तर आणखी एक टेस्ट घ्या (लग्नानंतर का होईना!). दोघांनी पाठीवर एकेक सॅक टाकायची आणि रात्रीची बोट पकडायची. केबिन नाही. डेक क्लास.

आम्ही ही टेस्ट दिली ती ग्रीसमध्ये, पिरेयस ते हेराक्लिऑन. पिरेयस म्हणजे अथेन्सचं बंदर. २०२२ पासून विमानतळावरून मेट्रो थेट तिथपर्यंत जाते. बोट रात्री नऊच्या सुमारास सुटते आणि साधारण सव्वातीनशे किलोमीटर कापून पहाटे सहाच्या आसपास क्रीट बेटावर पोचते. विमानाला जेमतेम तास लागतो. मग नऊ तास का घालवायचे? साधा हिशोब आहे. प्रवासही होतो आणि हॉटेलची एक रात्रही वाचते. सगळ्यात स्वस्त डेकचं तिकीट. त्यात नंबराची सीट नसते. लाउंजमध्ये किंवा उघड्या डेकवर जागा मिळेल तिथे पथारी पसरायची. भाऊच्या धक्क्यावरून वळकटी घेऊन कोकणच्या बोटीत बसलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. आपल्यालाच वाटतं, कारण आपल्याला प्रत्येक गोष्ट कन्फर्म लागते.

आता खरा मुद्दा. हा बेत घरी सांगितला तेव्हा सगळ्यांनी मलाच विचारलं, "अरे, तिला असं बाकड्यावर झोपवणार का?" मावशीने विचारलं, ऑफिसातल्या मित्रांनी विचारलं. तिला कुणीच विचारलं नाही. डेकचं तिकीट तिनेच सुचवलं होतं आणि तिनेच काढलं होतं, ही गोष्ट वेगळी. प्रश्न काळजीपोटी होता, मान्य. पण त्या काळजीत बायको म्हणजे नवऱ्याने जपून न्यायचं एक नाजूक सामान असतं. 'फ्रॅजाइल, धिस साइड अप' वगैरे.

सॅकवाल्या प्रवासात हे चालतच नाही. इथे प्रत्येकाने आपलं ओझं आपणच उचलायचं. आमच्या धंद्यात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात ना, म्हणजे एक गोष्ट बंद पडली की अख्खी सिस्टिम बसते, तसं बहुतेक जोडप्यांचं असतं. पासपोर्ट, पैसे, बुकिंग सगळं एकाकडे आणि दुसरा नुसता मागे मागे. डेकवर ते जमत नाही, कारण रात्री एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने सामान बघायचं. चक्क ऑन-कॉल ड्युटी. "झोप तू, मी आहे जागी" हे वाक्य ऐकून परक्या देशात, परक्या माणसांमध्ये गाढ झोप लागणं, हे मला कुठल्याही कॅंडललाइट डिनरपेक्षा रोमॅंटिक वाटतं.

शिवाय समुद्रात बराच वेळ मोबाइलला रेंज नसते. रील नाहीत, मेल नाहीत, उद्याचा प्लॅनही गूगल करता येत नाही. मग एक तर बोलायचं, नाहीतर एकमेकांशेजारी गप्प बसायचं. दुसरं जास्त अवघड आहे. घरी आपण गप्प बसतो तेव्हा स्क्रीनकडे बघत असतो, ती शांतता धरत नाहीत.

"आणि बोट बुडली तर?" हाही प्रश्न आला. तो फालतू नाही. ८ डिसेंबर १९६६ ला क्रीटहून पिरेयसला निघालेली 'हेराक्लिऑन' नावाची बोट वादळात बुडाली. आतला एक ट्रक सुटून गाड्यांच्या दारावर आदळला, दार उघडलं, पाणी शिरलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यामुळे गाड्या नीट बांधा, प्रवासात गाड्यांच्या डेकवर थांबू नका, या सूचनांना 'कटकट' म्हणू नये. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो फार चढला तर बोटी बंदरातच थांबवतात. म्हणून परतीचं विमान आणि बोट यांच्यात एक दिवस मोकळा ठेवावा.

केबिन घेणं गुन्हा नाही. कुणाला बोट लागते, कुणाची पाठ दुखते, कुणी गरोदर असतं, कुणाला अनोळखी लोकांत झोपच येत नाही. तेव्हा खुशाल केबिन घ्या. फक्त कुणाच्या तरी वतीने परस्पर ठरवू नका. "तिला झेपणार नाही" आणि "त्याला जमणार नाही" ही दोन वाक्यं जिच्याबद्दल किंवा ज्याच्याबद्दल आहेत, त्यांच्याच तोंडून ऐकावीत.

पहाटे उतरलात की बंदरावरचा जुना व्हेनिशियन किल्ला बघा. क्नोसोसचा राजवाडा तिथून पाचेक किलोमीटरवर, दुपारच्या उन्हाआधी गाठा. आणि एक प्रॅक्टिकल टिप: लाउंजमधला एसी भयंकर गार असतो. शाल दोन न्या. एकीत दोघांचं भागत नाही, प्रेम कितीही असलं तरी :)