१२ टक्के परतावा : यश की अपयश? #थ्रेड

१/ वर्षाला सरासरी १२ टक्के परतावा देणारी शेअर बाजारातील रणनीती यशस्वी म्हणावी का? याचे उत्तर त्या १२ या आकड्यात नसते. तो ज्या मानदंडाशेजारी ठेवला जातो, त्यात असते. विल्यम पीटर हॅमिल्टनच्या कीर्तीचा इतिहास हेच सांगतो.

२/ चार्ल्स डाऊने १८९६ मध्ये १२ कंपन्यांच्या शेअरांची सरासरी काढून आपला औद्योगिक निर्देशांक सुरू केला. १९०२ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या विखुरलेल्या विचारांना ‘डाऊ सिद्धान्ता’चे रूप दिले ते ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या अग्रलेखांतून हॅमिल्टनने.

३/ २५ ऑक्टोबर १९२९ च्या अग्रलेखात त्याने तेजीची भरती ओसरल्याचे सांगितले. पुढच्या चार दिवसांत बाजार गडगडला. त्याच वर्षी डिसेंबरात हॅमिल्टन वारला. एक भाकीत खरे ठरले, हे निर्विवाद. पण उरलेल्या २६ वर्षांचा हिशेब कोण मांडणार?

४/ तो मांडला आल्फ्रेड कॉल्सने. १९३३ च्या शोधनिबंधात त्याने १९०३ ते १९२९ या काळातले हॅमिल्टनचे २५५ अग्रलेख तपासले. त्यांबरहुकूम गुंतवणूक करणाऱ्याला वर्षाला सुमारे १२ टक्के मिळाले असते. शेअर घेऊन स्वस्थ बसणाऱ्याला मात्र सुमारे १५.५ टक्के!

५/ कॉल्स तेवढ्यावर थांबला नाही. सल्ला देणाऱ्या १६ संस्थांच्या सुमारे ७,५०० शिफारशी त्याने तपासल्या. त्यांची सरासरी बाजाराहून कमी भरली. बाजाराचा कल वर्तवणाऱ्या २४ प्रकाशनांची तुलना त्याने पत्ते काढून केलेल्या भाकितांशी केली. पत्त्यांचे सर्वोत्तम भाकीत तज्ज्ञांच्या सर्वोत्तमाइतकेच चांगले निघाले. म्हणजे मानदंड दोन हवेत : बाजार आणि निव्वळ योगायोग.

६/ बाजार मोजायचा तरी कसा? केवळ भाव पाहणारा निर्देशांक लाभांश वगळतो आणि मानदंडच ठेंगणा होतो. १९३८ मध्ये कॉल्सच्या संस्थेने १८७१ पासूनचे लाभांशासहित निर्देशांक प्रसिद्ध केले, ते ही उणीव भरून काढण्यासाठी.

७/ कथेला पुढे कलाटणी मिळाली. १९९८ मध्ये ब्राऊन, गोएट्झमन आणि कुमार या अभ्यासकांनी हॅमिल्टनची पुन्हा तपासणी केली. तो बराच काळ बाजाराबाहेर राहण्याचा सल्ला देत असे. त्यामुळे जोखीम कमी होती. ती हिशेबात धरताच त्याची कामगिरी सरस ठरली. अग्रलेख तेच, मानदंड बदलला, निकालही बदलला.

८/ याचा अर्थ प्रत्येकाने सोयीचा मानदंड निवडावा, असा नव्हे. उलट, तो आधी जाहीर व्हावा, लाभांशासहित असावा, रणनीतीइतकीच जोखीम वाहणारा असावा आणि सामान्य माणसाला प्रत्यक्षात विकत घेता येण्याजोगा असावा. ही शेवटची अट १९३३ मध्ये जवळपास अशक्य होती. १९७६ मध्ये जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्डने सर्वसामान्यांसाठी इंडेक्स फंड आणल्यावर ती सबबही उरली नाही.

९/ भारतात सेन्सेक्स १९८६ मध्ये आला. तोही केवळ भाव मोजतो. म्युच्युअल फंडांनी लाभांशासहित ‘टोटल रिटर्न इंडेक्स’शीच तुलना करावी, हा सेबीचा नियम लागू झाला १ फेब्रुवारी २०१८ पासून. कॉल्सच्या निर्देशांकांनंतर तब्बल ८० वर्षांनी!

१०/ फंडांना नियम लागला. समाजमाध्यमांवर नफ्याचे आकडे मिरवणाऱ्यांना तो कुणी लावायचा? पैसे गुंतवण्यापूर्वी वाचणाऱ्यानेच. ‘किती मिळाले?’ याआधी ‘कशाच्या तुलनेत, किती जोखमीवर आणि खर्च वजा जाता किती?’ हे विचारावे. उत्तर न मिळाल्यास तो आकडा पुरावा नसून जाहिरात समजावा.

#इतिहास #अर्थकारण #मराठी