ओळखीनं उघडणारं दार

डिजिटल सभासद-कार्डाचा विषय कार्यकारिणीत निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: "आपण काय एकमेकांना ओळखत नाही? घरच्या कार्यक्रमाला कार्ड कसलं दाखवायचं?" आक्षेप प्रेमाचा आहे, आणि तो घेणारे बहुतेक जण मंडळासाठी वर्षानुवर्षं खपलेले असतात. मला मात्र नेमका हाच आक्षेप कार्डाच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा वाटतो. ‘आपण एकमेकांना ओळखतो’ असं मंडळात कोण म्हणू शकतं? ज्याला सगळे ओळखतात तोच.

उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं. त्या सुमाराला इथल्या बहुतेक गावांतल्या मराठी घरांची यादी एका वहीत मावत असे आणि खजिनदाराला ती तोंडपाठ असे. आज एच-वन-बीवर आलेलं जोडपं दोन-तीन वर्षं राहतं, नोकरी बदलते, डॅलसला नाहीतर सिॲटलला निघून जातं. त्यांच्या जागी दुसरं येतं. दारावरचे स्वयंसेवकही दर वर्षी नवे. वही गेली आणि तिच्या जागी गूगल शीट आलं, पण दार अजून ओळखीवरच उघडतं.

गणपतीच्या कार्यक्रमाला शाळेच्या सभागृहाबाहेर काय चालतं ते एकदा बाजूला उभं राहून बघावं. टेबलावर छापील याद्यांची चळत. ती आडनावाप्रमाणे लावली आहे की पहिल्या नावाप्रमाणे, हे टेबलामागे बसलेल्यांनाही पक्कं ठाऊक नसतं. कुलकर्णी डझनभर, जोशी त्याहून जास्त. फॉर्म नवऱ्यानं भरलेला, वर्गणी बायकोच्या खात्यातून झेलनं आलेली, आणि बँकेत तिचं नाव माहेरचं. खजिनदारानं रात्री जागून कितीही जुळवाजुळव केली तरी थोडे पैसे ‘कुणाचे कोण जाणे’ या सदरात उरतातच. मग रांगेतल्या माणसाला ऐकावं लागतं, "तुमचं नाव दिसत नाहीये हो." जुना सभासद हसून "अगं, मी!" म्हणतो आणि आत जातो. नवा माणूस पैसे पाठवल्याचा पुरावा फोनमध्ये शोधत कडेला उभा राहतो. मागे रांग, कडेवर मूल, शेजारी नटूनथटून आलेली बायको. त्यातले काही जण मुकाट्यानं बिगरसभासदांचं तिकीट काढतात आणि पुढच्या वर्षी वर्गणीच भरत नाहीत. आपण वार्षिक सभेत ‘तरुण मंडळी मंडळाकडे का फिरकत नाहीत’ यावर तासभर चर्चा करतो.

कार्ड हवं ते यासाठी. संस्थापक सभासद असो की गेल्या महिन्यात आलेलं जोडपं असो, दारावर दोघांना सारखाच वेळ लागला पाहिजे.

डिजिटल कार्ड म्हणजे मला ॲप अभिप्रेत नाही, हे आधीच सांगतो. आपल्या मंडळांत संगणक अभियंत्यांची वानवा नाही. विषय निघाला की कुणीतरी "मी दोन वीकेंडमध्ये ॲप करून देतो" म्हणणारच. त्याला चहा द्यावा, मनापासून आभार मानावेत आणि नाही म्हणावं. हौसेनं केलेलं ॲप करणाऱ्याच्या बदलीबरोबर गावाबाहेर जातं. मला हवा आहे तो फोनमधल्या वॉलेटमध्ये बसणारा साधा पास, विमानाचा बोर्डिंग पास जिथे ठेवतो तिथेच. ॲपलनं ही सोय २०१२ मध्ये पासबुक या नावानं आणली आणि २०१५ मध्ये तिचं नाव वॉलेट केलं. अँड्रॉइडवर गूगल वॉलेट आज याच कामाला आहे. पास म्हणजे डिजिटल सही केलेली एक छोटी फाइल: सभासदाचं नाव, क्रमांक, कुठल्या वर्षापर्यंत वैध, आणि एक क्यूआर कोड. एकदा फोनमध्ये उतरवली की दाखवायला नेट लागत नाही. शाळेच्या जिममध्ये ज्यांनी सिग्नल शोधत फेऱ्या मारल्या आहेत त्यांना याचं मोल कळेल. वर्गणी भरली की पासवरची तारीख आपोआप पुढे सरकवता येते, नवं काही पाठवावं लागत नाही.

कुणी स्क्रीनशॉट काढून मेव्हण्याला पाठवेल ना? पाठवेलच, आपल्याच लोकांबद्दल बोलतो आहोत. पण एकदा स्कॅन झालेला कोड त्याच कार्यक्रमाला दुसऱ्यांदा आला की स्कॅन करणारा फोन तसं सांगतो. दोन टेबलं असतील तर दोन्ही फोनांवरच्या नोंदी एकमेकींशी जुळत राहाव्या लागतात, आणि त्याला मात्र नेट हवं. म्हणून दारावरच्या फोनांसाठी हॉटस्पॉटची सोय आदल्या दिवशी करून ठेवावी. क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला काढला. आपली अपेक्षा त्याहून फार मोठी नाही.

खर्चाचं बोलायचं तर पाचशे कुटुंबांचं मंडळ धरू. जुलै २०२५ पासून अमेरिकेत साध्या पत्राचं तिकीट ७८ सेंटचं झालं; म्हणजे कार्ड घरोघरी पाठवायचं तर नुसतं टपाल ३९० डॉलर. छपाई वेगळी, पाकिटं भरायला लागणारी माणसं वेगळी, पत्ता बदलल्यामुळे परत आलेली पाकिटं वेगळी. असे पास द्यायला लागणारं ॲपलचं विकसक-खातं वर्षाला ९९ डॉलरचं, आणि पात्र ना-नफा संस्थांना त्यातही माफी मिळू शकते. सभासद-नोंदणीची तयार सेवा घेणाऱ्या मंडळांनी आधी तिच्यातच अशा पासची सोय आहे का ते बघावं. पण मला वाचलेल्या डॉलरांपेक्षा दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. डिजिटलमध्ये दुसरं कार्ड फुकट असतं.

छापील कार्डाला पैसे पडत, म्हणून ‘कुटुंब सभासदत्वा’ला आपण एकच कार्ड देत आलो. ते फॉर्मवर ज्याचं नाव पहिलं त्याच्या नावे निघालं, आणि पहिलं नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं. वर्षानुवर्षं मराठी शाळा चालवणारी, गणपतीला शेकडो मोदकांची जबाबदारी अंगावर घेणारी बाई मंडळाच्या दप्तरी ‘व कुटुंब’ एवढ्यातच उरते. कुटुंबाला मत एक की दोन, याबद्दल घटनेतलं कलम मोघम असतं आणि निवडणूक चुरशीची झाली की मगच कुणीतरी ते काढून वाचतं. नवरा गेला किंवा दोघं वेगळी झाली, तर सभासद क्रमांक कुणाचा? ज्या मंडळात हयात गेली तिथे त्या बाईनं नव्यानं फॉर्म भरायचा का? हे प्रश्न आपण आजवर टाळले, कारण टाळणं स्वस्त होतं. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या क्रमांकाचं कार्ड द्यायला आता एक सेंटही जास्त पडत नाही. कॉलेजला गेलेल्या मुलामुलींनाही द्यावं. मंडळाकडून त्यांच्या स्वतःच्या नावानं आलेली ती पहिलीच गोष्ट असेल.

सभासदांची यादी म्हणजे कार्यकारिणीचं खासगी दप्तर, असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे. न्यूयॉर्क राज्याच्या ना-नफा संस्था कायद्यानुसार सहा महिने सभासद असलेली व्यक्ती पाच दिवसांची लेखी सूचना देऊन संस्थेच्या सभासदांची यादी पाहायला मागू शकते. ऑन्टॅरिओचा नवा कायदा १९ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. त्यातही सभासदांची नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे. उद्या कुणी अशी सूचना दिली, तर किती मंडळं पाच दिवसांत नीट यादी पुढे ठेवतील? कार्ड काढायचं म्हटलं की ती यादी आधी स्वच्छ करावी लागते. कार्डाचा निम्मा फायदा मला तिथेच दिसतो.

आणि सर्वसाधारण सभा! गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच पंचवीस माणसांची, आता गणसंख्येची अट नसलेली सभा. घटनेत तशी तरतूद असते, त्यामुळे नियमभंग कुणीच करत नाही. पण मतदानाचा हक्क असलेले किती जण प्रत्यक्ष हजर होते, हे इतिवृत्तात कधीच आकड्यानं येत नाही. हात वर करतात, चिटणीस नजरेनं मोजतात, त्यात पाहुणेही मोजले जातात. दारावर कार्डं स्कॅन झाली तर हा आकडा सभा सुरू होण्यापूर्वी टेबलावर असेल. निवडणुकीच्या तोंडावर एकदम वाढणाऱ्या सभासदसंख्येचंही तेच. अमुक तारखेआधी सभासद झालेल्यालाच मत, हा नियम अनेक घटनांत असतो, पण तो तपासायला कुणाच्या तरी ईमेलचा ढीग उपसावा लागतो. कार्डाच्या नोंदीत तारीख असतेच.

आता ज्या आक्षेपाच्या बाजूनं मी स्वतः उभा आहे तो. माहितीचं काय? ब्लॅकबॉड ही ना-नफा संस्थांना देणगीदारांच्या आणि सभासदांच्या नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर पुरवणारी मोठी अमेरिकी कंपनी. २०२० मध्ये तिच्या यंत्रणेत चोर शिरले, १३,००० हून अधिक ग्राहक संस्थांच्या माहितीला हात लागला, आणि कंपनीनं खंडणी भरली. २०२३ मध्ये तिला ४९ राज्यं आणि राजधानीच्या जिल्ह्याशी ४ कोटी ९५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. फेडरल ट्रेड कमिशननं पुढे २०२४ मध्ये तिच्यावर ठेवलेल्या ठपक्यातला एक मुद्दा मंडळांनी जपून ठेवावा असा आहे: गरज संपल्यावरही ती वर्षानुवर्षं माहिती साठवत राहिली, सोडून गेलेल्या ग्राहकांचीसुद्धा. आपल्याकडे वेगळं काय आहे? सभासद-फॉर्मवर जन्मतारीख, मुलांची नावं, इयत्ता, मूळ गाव, सगळं विचारतो. मूळ गाव विचारायची हौस मलाही आहे, पण ती बटाटेवडा खाताना भागवता येते. ही माहिती ज्या गूगल शीटमध्ये जाते त्याचा ताबा गेल्या पाच कार्यकारिणींकडे अजून शाबूत असतो. लंडनच्या किंवा युरोपातल्या मंडळांना २०१८ च्या युरोपीय माहिती-संरक्षण नियमांमुळे निदान धाक तरी लागला. अमेरिकेत तसा एकच देशव्यापी कायदा नाही, त्यामुळे शिस्त आपली आपणच लावून घ्यायची.

म्हणून कार्डावर आणि कार्डामागच्या नोंदीत नाव, क्रमांक, सभासद झाल्याची तारीख, वैधता आणि संपर्काचा ईमेल, एवढंच असावं. कोण कुठल्या कार्यक्रमाला किती वाजता आलं, ही नोंद त्या कार्यक्रमाचा हिशेब मंजूर झाला की पुसून टाकावी. फक्त सर्वसाधारण सभेची हजेरी इतिवृत्ताबरोबर राहू द्यावी. आणि प्रायोजकांना यातलं काहीही मिळू नये. घरं विकणारे, विमा विकणारे, सोन्याचे दागिने विकणारे यांच्या पैशांवर आपली दिवाळी होते, हे मान्य. त्यांना स्टॉल द्या, स्मरणिकेत पान द्या, रंगमंचावर बोलावून शाल द्या. यादी देऊ नका.

त्याच ओघात खजिनदारांसाठी एक गोष्ट. कार्डावर सवलतींची रास घालायचा मोह होतो: या दुकानात दहा टक्के, त्या उपाहारगृहात पंधरा. ५०१(सी)(३) दर्जाच्या संस्थांसाठी अमेरिकी करखात्याचा नियम असा, की वार्षिक वर्गणी ७५ डॉलरपर्यंत असेल तर कार्यक्रमांना सवलतीत प्रवेश वगैरे नेहमीचे फायदे हिशेबात न धरता पूर्ण वर्गणी देणगी मानता येते. वर्गणी त्यापुढे गेली, की दिलेल्या फायद्यांची अंदाजे किंमत सभासदाला लेखी कळवण्याची जबाबदारी येते. कुटुंब-वर्गणी वाढवण्याचा ठराव आणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

ज्येष्ठांचा मुद्दा प्रत्येक चर्चेत येतो, आणि त्यात थोडा अहंकार असतो असं मला वाटतं. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा पुण्यात भाजीवाल्याला यूपीआयनं पैसे देतात आणि डिजिलॉकर उघडून दाखवतात; त्यांना क्यूआर कोड शिकवायची गरज नाही. त्यांची अडचण वेगळीच आहे. त्यांच्या फोनमध्ये भारतातलं सिम असतं, तो घरच्या वायफायवर चालतो, आणि आपली यंत्रणा अमेरिकी नंबरावर ओटीपी पाठवायचा हट्ट धरते. तेव्हा ओटीपी नको. ईमेलनं आलेल्या दुव्यावर पास उतरवता यावा. ज्यांना फोनच नको असेल त्यांनी तोच कोड कागदावर छापून खिशात ठेवावा. स्कॅनरला कागद आणि काच सारखेच.

आणखी एक काळजी हस्तांतराची. पास देणारं खातं, त्याचा पासवर्ड, त्याचं दरवर्षीचं नूतनीकरण, हे सगळं एखाद्या उत्साही चिटणिसाच्या खासगी ईमेलवर असेल तर तो गाव सोडेल त्या वर्षी सगळी कार्डं मुकी होतील. खातं मंडळाच्या नावानं, मंडळाच्या ईमेलवर, किमान दोन पदाधिकाऱ्यांच्या हाती असावं, आणि जुन्या कार्यकारिणीनं नव्या कार्यकारिणीकडे बँकेच्या खात्यासारखंच सहीनिशी सोपवावं. ज्या सेवेतून संपूर्ण यादी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येत नसेल, ती कितीही देखणी असो, घेऊ नये.

‘दारावर विमानतळ होईल’ अशी भीती काहींना वाटते. यादीत मान घालून नाव शोधणारा स्वयंसेवक आत्ता तरी कुणाकडे बघून हसतो? स्कॅन झाल्यावर त्याला मान वर करायला वेळ मिळेल. पण हेही मान्य करतो, की कुणाच्या अंगणातली कोजागिरी किंवा तळघरातला भोंडला यांना कार्ड अजिबात मागू नये. जिथे यजमान दारात उभा आहे तिथे मंडळानं मध्ये येऊ नये.

सुरुवात गणपतीला करू नये. सगळ्यांत मोठ्या गर्दीत नवी गोष्ट आजमावणं म्हणजे ती बदनाम करण्याची खात्रीची वाट. संक्रांतीचा तिळगुळाचा कार्यक्रम लहान असतो, बऱ्याच मंडळांत नव्या वर्षाची वर्गणीही त्याच सुमारास गोळा होते, तेव्हा तिथून सुरू करावं आणि पहिलं वर्षभर छापील यादीही टेबलाखाली तयार ठेवावी. घटनेतली दुरुस्ती मात्र त्याआधीच्या सर्वसाधारण सभेत यायला हवी: कुटुंब सभासदत्वातल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीची स्वतंत्र नोंद, स्वतंत्र क्रमांक, स्वतंत्र मत. सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्यावं. अनुमोदक हवा आहे.