आधी गॅसवाहिनी हलवा, मग रस्ता खणा

शहराच्या रस्त्याखाली पाण्याच्या, सांडपाण्याच्या, विजेच्या, टेलिफोनच्या आणि गॅसच्या अशा अनेक वाहिन्या खेटून गेलेल्या असतात. मेट्रो, उड्डाणपूल किंवा काँक्रीटचा रस्ता करायचा म्हटले की यांतल्या बऱ्याच वाहिन्या सरकवाव्या लागतात. सगळ्या कार्यालयांत या कामाला ‘युटिलिटी शिफ्टिंग’ म्हणतात आणि किरकोळ पूर्वतयारी म्हणून ते उरकले जाते. पाण्याच्या वा टेलिफोनच्या बाबतीत ही हयगय दोन दिवसांच्या गैरसोयीवर निभावते. गॅसच्या बाबतीत ती जिवावर बेतते. म्हणून या पत्रकाचे म्हणणे एकच आहे: गॅसवाहिनी शोधून, हलवून, तपासून झाल्याचा लेखी दाखला मिळेपर्यंत त्या पट्ट्यात खोदाईचे एकही यंत्र उतरता कामा नये.

जमिनीखाली काय आहे

मुंबईत महानगर गॅस आणि पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस या कंपन्यांचे जाळे घरोघरच्या शेगड्यांना आणि सीएनजी पंपांना गॅस पुरवते. मुख्य वाहिनी पोलादी असते आणि तिच्यातला दाब साधारण 19 बार किंवा त्याहूनही जास्त असतो. पुढे गल्लीबोळांत पिवळा किंवा नारिंगी प्लास्टिकचा एमडीपीई पाइप 4 बारपर्यंतच्या दाबाने गॅस नेतो. घरातल्या शेगडीपाशी तो दाब 21 मिलिबारवर उतरलेला असतो. जेसीबीच्या दातासमोर मात्र पोलादी आणि प्लास्टिकच्या पाइपात फार फरक उरत नाही.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे मोकळ्यावर फुटला तर वर निघून जातो, हे खरे. पण जमिनीखाली फुटला तर तो वाट मिळेल तिकडे पसरतो: गटारातून, केबलच्या नळीतून, भरावाच्या वाळूतून थेट एखाद्या तळघरात. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के झाले की एक ठिणगी पुरते. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. पण मातीतून झिरपताना हा वास मातीत मुरून फिका पडू शकतो. वास आला नाही म्हणजे गळती नाही, असे समजून चालत नाही.

धोका वरच्या थरात आहे

भुयारी मेट्रो म्हटले की लोकांना बोगद्याची भीती वाटते. मुंबईच्या कुलाबा ते आरे या 33.5 किलोमीटरच्या मार्गिकेचे बोगदे गॅसवाहिन्यांच्या कितीतरी खालून गेले आहेत, कारण गॅसवाहिनी असते जेमतेम एक-दीड मीटरवर. खरा धोका स्थानकाचा खड्डा वरून उघडताना, प्रवेशद्वारांचे जिने खणताना, उन्नत मार्गाच्या खांबांचे पाये घेताना असतो. त्याहून मोठा धोका या कामांसाठी गटार किंवा पदपथ सरकवताना असतो, कारण ही कामे पोटकंत्राटदाराकडे जातात आणि मुख्य कामाइतकी देखरेख तिथे नसते.

तीन शहरांनी मोजलेली किंमत

8 एप्रिल 1970 रोजी जपानमधल्या ओसाका शहरात भुयारी रेल्वेचे काम चालू होते. खड्ड्यावर फळ्यांचे आच्छादन टाकून वरून वाहतूक सुरू ठेवली होती आणि गॅसवाहिनी न हलवता खड्ड्यातच टांगून ठेवलेली होती. तिचा सांधा निखळला आणि आच्छादनाखाली गॅस कोंडला. दुरुस्तीला आलेली गाडीच तिथे पेटली, बघ्यांची गर्दी जमली आणि मग स्फोट झाला. 79 माणसे गेली, 420 जखमी झाली.

28 एप्रिल 1995 रोजी दक्षिण कोरियातल्या देगू शहरात मेट्रोच्या कंत्राटदाराने गॅसवाहिनीला हातही लावला नव्हता. शेजारी एका मोठ्या दुकानाच्या बांधकामावर छिद्रे पाडताना वाहिनी फुटली आणि गॅस गटारातून मेट्रोच्या खड्ड्यात उतरला. सकाळी शाळा-कचेऱ्यांच्या वेळी स्फोट झाला. 101 जण मेले. त्यांत शाळेत निघालेली मुले बरीच होती.

तैवानमधल्या काओशुंगची गोष्ट वेगळी आहे. तिथे वाहिनी प्रोपिलीन हा ज्वलनशील वायू नेणारी होती. ती न हलवता तिच्याभोवतीच गटाराची काँक्रीट पेटी बांधण्यात आली. पोलादी पाइपाला गंजापासून वाचवणारे विद्युत संरक्षण भोवतालच्या ओल्या मातीतून काम करते. हवेत लोंबणाऱ्या पाइपाला ते मिळत नाही. पाइप वर्षानुवर्षे गंजत राहिला आणि 31 जुलै 2014 च्या रात्री फुटला. 32 जण दगावले, कित्येक रस्ते उखडले गेले.

ओसाकात वाहिनी टांगून ठेवली, देगूत शेजारच्या खोदाईवर कोणाचा वचक नव्हता, काओशुंगमध्ये वाहिनी तशीच ठेवून बांधकाम उरकले. तिन्ही ठिकाणी कामाचा क्रम चुकला होता. वाहिनीचा बंदोबस्त आधी आणि खोदाई नंतर, हा क्रम पाळला असता तर तिन्ही अनर्थ टळू शकले असते.

वाहिनी नीट कशी हलवतात

पहिले काम वाहिनी सापडण्याचे. नकाशात पाइप पदपथाखाली दाखवलेला असतो आणि निघतो डांबराखाली, हे रोजचे आहे. म्हणून रडारने चाचपणी करून मग हाताने चाचणी खड्डे घ्यावे लागतात. मजूर फावड्याने माती काढत जातो, आधी इशाऱ्याची प्लास्टिक पट्टी लागते, मग वाळू, मग पाइप. पट्टी दिसली की कुदळ बाजूला ठेवायची, हा नियम. तिथे यंत्र लावले की पट्टीचा इशारा वाया जातो.

त्यानंतर नवी वाहिनी पर्यायी मार्गाने टाकून, दाब देऊन तपासतात. जोडणीच्या वेळी एमडीपीई पाइप चिमट्यासारख्या यंत्रात दाबून प्रवाह थांबवतात. एकदा दाबलेली जागा खूण करून ठेवतात, कारण तीच जागा पुन्हा दाबली तर पाइप कमकुवत होतो. सांधा विजेच्या तारेने तापवून वितळवतात आणि ठरलेला वेळ हलू न देता थंड होऊ देतात. पोलादी वाहिनीवर वेल्डिंग, क्ष-किरण तपासणी आणि गंजरोधक वेष्टन ही कामे वाढतात. जुन्या पाइपातला गॅस नायट्रोजनने हुसकून मगच तो बंद करतात. यांतली एकही पायरी घाईत होण्यासारखी नाही. सकाळच्या गर्दीपूर्वी रस्ता मोकळा करायचा म्हणून सांधा थंड होण्याआधी माती लोटली, तर तो दोष पुढे कधीतरी उघड होतो, आणि तोवर वरून मेट्रो धावू लागलेली असते.

खर्चाचा वाद

रस्त्याखाली वाहिनी टाकायची परवानगी देताना ‘गरज पडल्यास स्वखर्चाने हलवावी’ अशी अट अनेकदा घातली जाते. मग प्रकल्प म्हणतो खर्च कंपनीचा, कंपनी म्हणते प्रकल्पाचा. पत्रे फिरत राहतात आणि तोवर कंत्राटदाराची मुदत सुरू झालेली असते. दंड टाळायला तो वाहिनीच्या कडेकडेने खणू लागतो. वाद मिटवण्याची वेळ निविदा निघण्यापूर्वीची आहे. खर्च कोणीही भरला तरी शेवटी तो भाड्यातून, बिलातून किंवा करातून लोकांच्याच खिशातून जातो. मग तो वेळेवर भरलेला बरा.

वाहिनी फुटण्याचा खर्च मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो. नोव्हेंबर 2025 मध्ये चेंबूरच्या आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात मुख्य वाहिनीला इजा झाली, तेव्हा मुंबईतल्या सीएनजी पंपांवर रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या. जीवितहानी नसतानाही एका वाहिनीवर शहराचा किती भार असतो, हे त्या दिवसांत दिसले.

खोदाईची सूचना वाहिनीच्या मालकाला आधी मिळावी म्हणून केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. साधन हाताशी आहे. प्रश्न आहे ते न वापरणाऱ्याला अडवण्याचा.

मागण्या

1. निविदा काढण्यापूर्वी संपूर्ण मार्गावर चाचणी खड्डे घेऊन वाहिन्यांचा प्रत्यक्ष नकाशा तयार करावा.

2. स्थलांतराचा खर्च आणि वेळापत्रक यांचा लेखी करार निविदेआधीच व्हावा, आणि स्थलांतराला लागलेल्या वेळेबद्दल कंत्राटदाराला दंड नसावा.

3. गॅस कंपनीच्या दाखल्याशिवाय महापालिकेने खोदाईचा परवाना देऊ नये. हाच नियम प्रकल्पालगतच्या खासगी बांधकामांनाही लागू असावा.

4. वाहिनीजवळची खोदाई फक्त हाताने व गॅस कंपनीच्या माणसासमोर व्हावी, आणि तिथे गॅसमापक यंत्र सतत सुरू असावे.

5. कोणतीही वाहिनी गटारात, पेटीत किंवा काँक्रीटमध्ये बंदिस्त करू नये.

6. हलवलेल्या वाहिनीची नवी जागा महिन्याभरात महापालिकेच्या नकाशावर चढवावी.

7. प्रत्येक बॅरिकेडवर गॅस कंपनीचा तातडीचा क्रमांक मराठीत, ठळक अक्षरांत लावावा. वाहिनीला साधा ओरखडा गेला तरी लगेच कळवणे बंधनकारक असावे, आणि कळवणाऱ्या मजुरावर कारवाई होऊ नये.