संच बंद करताना व्होल्टेजची सोय कोण पाहणार?

स्पेनमधील आल्माराज अणुवीज केंद्राचे दोन्ही संच 2027 आणि 2028 मध्ये बंद करायचे आणि 2035 पर्यंत देशातल्या सातही अणुभट्ट्या थांबवायच्या, हे 2019 मध्येच ठरले होते. मग 28 एप्रिल 2025 रोजी दुपारी 12.33 ला स्पेन आणि पोर्तुगालची ग्रिड कोसळली. गाड्यांत, लिफ्टमध्ये माणसे अडकली आणि लोकांच्या मनात सरळ प्रश्न उभा राहिला: आज ही गत, तर अणुकेंद्रे गेल्यावर काय? ऑक्टोबर 2025 अखेरीस मालक कंपन्यांनी आल्माराजसाठी 2030 पर्यंत मुदतवाढ मागितली. लोकांची ही धास्ती रास्त आहे. तिला उत्तर देणे हे आपल्या पेशाचे काम आहे, आणि ते नुसत्या मेगावॅटच्या हिशेबाने देता येणार नाही.

त्या दुपारी स्पेनमध्ये विजेचा तुटवडा नव्हता. ऊन लख्ख, मागणी बेताची, निर्यात चालू. 12.03 आणि 12.19 ला ग्रिडमध्ये दोलने उठली. ती शमवण्यासाठी ऑपरेटरने शिकवल्याप्रमाणेच पावले उचलली. उघड्या ठेवलेल्या लाइन जोडल्या, फ्रान्सकडची निर्यात घटवली. दोलने शमली. पण हलक्या भाराच्या जादा लाइन म्हणजे जादा चार्जिंग, त्यात निर्यात उतरल्याने लाइनवरचा भार आणखी कमी झालेला. व्होल्टेज चढू लागले. सरकारी चौकशीनुसार त्या दिवसासाठी दहा सिंक्रोनस संच नेमले होते. त्यातला एक आदल्या दिवशीच उपलब्ध नसल्याचे कळले, आणि त्याच्या जागी दुसरा घेतला गेला नाही. चालू संचांपैकी काहींनी अपेक्षेइतकी रिॲक्टिव्ह पॉवर शोषली नाही. सौर प्रकल्प तर तेव्हाच्या नियमानुसार ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत होते. व्होल्टेज पाहून एमव्हीएआर बदलण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हतीच. ग्रानादा, बादाहोस, सेव्हिल या प्रांतांत उत्पादन सुटत गेले, सुटलेल्या प्रत्येक प्रकल्पागणिक व्होल्टेज आणखी वर गेले, आणि काही सेकंदांत खेळ आटोपला.

सातपैकी चार अणुभट्ट्या त्या वेळी चालू होत्या. ग्रिड जाताच त्या आपोआप बंद झाल्या आणि डिझेल जनरेटरवर थंड ठेवल्या गेल्या. सुरक्षेच्या दृष्टीने व्हायला हवे तसेच झाले. मात्र ग्रिड पुन्हा उभी करायला त्यांचा उपयोग नव्हता. ते काम जलविद्युत केंद्रांनी आणि फ्रान्स, मोरोक्कोकडून आलेल्या लाइनींनी केले. बादाहोस आणि आल्माराज एकाच एक्स्ट्रेमादुरा प्रदेशात आहेत. तिथे आणखी एखादे मोठे सिंक्रोनस मशीन व्होल्टेज आवरायला असते तर फरक पडला असता, हे अणुऊर्जेच्या समर्थकांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. पण ते मशीन अणुभट्टीच्या वाफेवरच फिरले पाहिजे, असे त्यातून निघत नाही.

जर्मनीतल्या बिब्लिसने हे दाखवून दिले आहे. फुकुशिमानंतर 2011 मध्ये ते केंद्र थांबवले गेले, तेव्हा आसपासच्या ग्रिडला व्होल्टेज आधाराची चिंता होती. तिथल्या अभियंत्यांनी ए संचाचा जनरेटर टर्बाइनपासून सोडवला आणि 2012 पासून सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून फिरवला. उणे 400 ते अधिक 900 एमव्हीएआर! अणुभट्टी थंड, जनरेटर कामावर. या कामाचे मोल मोठे आहे आणि आपल्याकडे त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. एप्रिल 2023 मध्ये जर्मनीची शेवटची तीन अणुकेंद्रे बंद झाली, तेव्हाही देश अंधारात गेला नाही. कोळसा जळत असताना ती बंद करणे आम्हाला योग्य वाटत नाही. पण ग्रिड पडेल म्हणून नव्हे.

आपल्याकडे तारापूरचे 1969 पासूनचे पहिले दोन संच, प्रत्येकी 160 मेगावॅटचे, 2020 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबले. ग्राहकाला ते जाणवलेही नाही. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मुंबई ठप्प झाली ती पडघा-कळवा 400 केव्ही मार्गावर: एक लाइन दुरुस्तीला, दुसरी ट्रिप, आणि शहराला वेगळे ठेवणारी आयलँडिंग व्यवस्था टिकली नाही. लोकांत मात्र सायबर हल्ल्याचीच चर्चा जास्त झाली.

भार प्रेषण केंद्रात किंवा 400 केव्ही सबस्टेशनच्या पाळीवर असलेल्या वाचकांना स्पेनची ती दुपार परकी वाटणार नाही. पावसाळी रात्री कृषिपंप थांबतात, व्होल्टेज 420 कडे सरकते, रिॲक्टर सगळे लागलेले असतात, आणि शेवटी एखादी लाइन उघडावी लागते. त्या लाइनीबरोबर एन-1 ची हमीही जाते. दरम्यान कोराडी, परळी, भुसावळचे जुने संच निवृत्त झाले आहेत, आणि हा क्रम थांबणारा नाही. म्हणून संच अणूचा असो वा कोळशाचा, तो काढण्याच्या प्रत्येक प्रस्तावात त्या बसवरची फॉल्ट लेव्हल, इनर्शिया आणि एमव्हीएआर शोषण्याची क्षमता यांचा हिशेब सक्तीचा हवा. जनरेटर भंगारात देण्याआधी तो कंडेन्सर म्हणून चालेल का, याचा लेखी अभ्यास हवा. सौर प्रकल्पांनी 0.95 पॉवर फॅक्टरच्या मर्यादेत रिॲक्टिव्ह पॉवर बदलती ठेवावी, हा नियम आपल्याकडे आहेच. पाळीवर ती प्रत्यक्षात किती मिळते, हे मोजले पाहिजे. स्पेनने आपला नियम जून 2025 मध्ये बदलला, अपघातानंतर.

यासाठी नोंदी लागतील. आपल्या सबस्टेशनचा रात्रीचा व्होल्टेज आलेख, त्या वेळी लागलेले रिॲक्टर, उघडलेल्या लाइन आणि जवळच्या प्रकल्पाने दिलेले किंवा शोषलेले एमव्हीएआर, एवढे कार्यालयाची परवानगी घेऊन आमच्याकडे पाठवा. येत्या अंकांत ते केंद्रांची नावे न देता छापू.